दहा हजार गेमांतून लेकरासाठी उरलेले मोजके: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

विकणाऱ्याचं शेवटचं उत्तर असं होतं: "मेमरी कार्ड वॉरंटीत येत नाही." मुलासाठी घेतलेलं, जुने व्हिडिओ गेम खेळायचं हातातलं यंत्र सुरू होतं, पडद्यावर चिन्ह येतं आणि तिथंच अडकून बसतं. ज्या कार्डावर सगळी सिस्टम आहे, सगळे गेम आहेत, ते कार्ड म्हणे यंत्राचा भागच नाही. मी व्हिडिओ पाठवला, बिल पाठवलं, पुन्हा लिहिलं. मग उत्तरं येणंच बंद झालं.

पडदा साडेतीन इंची, ६४०×४८० ठिपक्यांचा. कापसाचे चुकारे आले तेव्हा ३,८०० रुपयांना घेतलं. घ्यायचं कारण मोबाइल. विदर्भात शाळा उघडते जूनच्या अखेरीस. उन्हाळा लांबलचक, आणि भर दुपारी पोट्ट्यांना बाहेर सोडायची सोय नाही. तिसरीची परीक्षा दिलेला मुलगा दिवसभर माझा मोबाइल घेऊन व्हिडिओ बघत बसायचा. या यंत्रात जाहिरात नाही, पैसे मागणारं बटण नाही, एकातून दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होणं नाही. तेवढ्यासाठी घेतलं आणि त्या बाबतीत आजही समाधानी आहे.

पण सोबत येणारं बिननावाचं कार्ड पहिल्याच दिवशी बदला. चालतंय तोवर लॅपटॉपवर त्याची पूर्ण नक्कल काढून चांगल्या कंपनीच्या कार्डावर उतरवा. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, त्यामुळे मेलेल्या कार्डातून गेमांचं फोल्डर कसंबसं बाहेर काढता आलं. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी काय करायचं? ६४ जीबीच्या नव्या कार्डाचे सहाशे रुपये मलाच भरावे लागले. ते किमतीत धरूनच हे यंत्र स्वस्त की महाग ते ठरवा.

कार्ड नव्याने भरायची वेळ आली तेव्हा ठरवलं की सगळे गेम परत टाकायचे नाहीत. जाहिरातीत "दहा हजार गेम" असतात. उघडून बघा. एकच गेम जपानी, अमेरिकन आणि युरोपियन अशा तीन नावांनी. कितीतरी नुसत्या जपानी अक्षरांचे. आर्केडच्या, म्हणजे दुकानात नाणं टाकून खेळायच्या गेमांच्या फोल्डरमध्ये तर पत्त्यांचे आणि माजोंगचे असे गेम निघाले की जिंकल्यावर बायकांची उघडी चित्रं येतात. लेकराच्या हातात देण्याआधी ते फोल्डर आईबापांनी स्वतः बघावं, हे मी कळकळीने सांगते. शिवाय जुन्या गेमांचे हक्क अजून कंपन्यांकडेच आहेत, विक्रेत्याने फुकट भरून दिले म्हणून ते कायदेशीर होत नाहीत. 'टोबू टोबू गर्ल' किंवा शहर वसवायचा 'मायक्रोसिटी' असे गेमबॉय या निन्टेंडो कंपनीच्या जुन्या हातातल्या यंत्रांसाठी हौशी लोकांनी नव्याने बनवून मोकळे ठेवलेले गेमही आहेत. ते बिनधास्त टाका. 'मायक्रोसिटी' आमच्याकडे मीच जास्त खेळते.

निवडताना मी एकच गोष्ट बघितली आणि अजूनही तीच बघते. लेकराला मध्येच उठवलं तर काय होतं? आमच्या घरी दुपारी नळाला पाणी येतं, संध्याकाळी आबाजी बैलबंडी घेऊन आले की फाटक उघडायला कोणीतरी धावावं लागतं, कधी वेचणीच्या बाया पैशाला येतात आणि त्याला दुकानातून सुटे आणायला पाठवावं लागतं. "थांब व आई, आता नाही थांबता येत" हे वाक्य उन्हाळाभर ऐकलं. आधी वाटलं हट्ट आहे. मग त्याच्या शेजारी बसून बघितलं तर तो खरंच बोलत होता. त्या गेमला थांबायची जागाच नव्हती.

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या. आठ जग, बत्तीस टप्पे, आणि सेव्ह नावाचा प्रकार नाही. बंद केलं की पहिल्यापासून. त्यात एक सोय आहे, ती फार लोकांना माहीत नसते. गेम ओव्हर झाल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबलं की ज्या जगात मेलो त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून खेळता येतं. हे कळल्यापासून आमच्याकडची रडारड निम्मी झाली. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये सेव्ह आहे, पण किल्ला, भुताचं घर किंवा रंगीत ठोकळ्यांचा महाल पार केला तरच ते विचारतं. दोन किल्ल्यांच्या मध्ये लेकरू अडकलं की पुन्हा तेच, "थांब व आई".

म्हणून सुरुवातीला ठेवले ते लवकर संपणारे. गेमबॉयचा 'टेट्रिस', त्यातला बी प्रकार. पंचवीस ओळी फोडल्या की डाव संपला, उठता येतं. १९९२ चा 'कर्बीज ड्रीम लँड', जेमतेम पाच टप्पे. तो मुळात नवशिक्यांसाठीच बनवलेला आहे, कर्बीला तोंडात हवा भरून उडत अडचणीवरून जाता येतं, त्यामुळे आठ वर्षांचं पोर कुठे अडत नाही. गेमबॉयचा पडदा १६०×१४४ चा, तो इथे बरोबर तिप्पट होऊन ४८०×४३२ बसतो आणि अक्षर कोरल्यासारखं दिसतं. आणि 'बॅटल सिटी', १९८५ चा. आपल्यापैकी ज्यांनी कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळला त्यांच्यासाठी तो टँकवाला गेम. त्यात विटांच्या भिंती आपल्या हाताने रचून स्वतःचा नकाशा बनवायची सोय आहे. मुलगा लढण्यापेक्षा भिंती रचण्यातच रमतो. ज्याला वाचवायचं असतं त्या गरुडाभोवती तीन पदरी कुंपण घालतो.

'कॉन्ट्रा' काढून टाकला. त्याच्या बाबांना तो हवा होता, तीस जीवांचा कोड त्यांना अजून तोंडपाठ आहे. पण एकट्याने खेळताना पोरगं चिडचिड करायचं आणि त्या गेमातही सेव्ह नाही. 'सॉनिक' दोन दिवसांत स्वतःच सोडला त्याने.

भरपूर वाचायला लावणारे गेम नकोत, असंही मी ठरवलं होतं. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात. इंग्रजी वाक्यांचे पडदे त्याने नुसते बटण दाबून पुढे ढकलावेत, त्यात काय अर्थ? 'पोकेमॉन रेड' त्याच कारणाने बाजूला ठेवला. या बाबतीत माझं मत आता बदललं आहे, आणि ते बदललं शेतीच्या गेमने.

'हार्वेस्ट मून', १९९६ चा, टीव्हीला जोडायच्या सुपर निन्टेंडो या जुन्या यंत्रावरचा. ग्रामीण जपानमध्ये वाढलेल्या यासुहिरो वादा यांनी बनवलेला. पडीक शेत मिळतं, ते साफ करायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, विकायचं. वसंतात बटाटा आणि सलगम, उन्हाळ्यात टोमॅटो आणि मका. टोमॅटो आणि मका एकदा लावला की पुन्हा पुन्हा तोडता येतो. पाऊस पडला त्या दिवशी पाणी द्यावं लागत नाही. गाईला रोज चारा लागतो, उपाशी ठेवली तर आजारी पडते, मरतेसुद्धा. विकायचा माल पेटीत टाकायचा, संध्याकाळी पाचला माणूस येऊन घेऊन जातो.

हा गेम घरात जसा घुसला तसा दुसरा कोणताच नाही. शब्द त्यातही आहेत, पण मोजके, आणि रोज तेच. बियाणं, पाणी, गाय, विकलं, झोपायचं का. रोज तेच दिसतात म्हणून त्याला ते ओळखू यायला लागले, कोणी शिकवलं नाही. एका पावसाळी सकाळी गेम उघडून ओरडला, "आबाजी, आज माह्या वावरात पाणी आलं, पाणी द्यायचं काम नाही!" आबाजी चष्मा लावून शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "भाव रोज सारखाच रायते का याच्यात?" राहतो, गेमात भाव ठरलेला आहे. "अन् फवारणी?" नाही. आबाजी बराच वेळ बघत बसले आणि मग नातवाला कुठल्या तुकड्यात मका लावावा ते सांगायला लागले.

आणि थांबायचं म्हणाल तर याच्याइतकी चांगली व्यवस्था मी कुठल्याच गेमात बघितली नाही. गेमातला दिवस काही मिनिटांचा. दिवस संपला की घरात जायचं, डायरीत नोंद करायची, झोपायचं, तिथे सेव्ह होतं. आता आमचा नियम तोच आहे: एक दिवस संपव आणि ऊठ. तो उठतो.

आता या यंत्रावरचा माझा खरा राग. डायरीत नोंद केली, बटण दाबून धरून यंत्र बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी शेत आठवडाभर मागे गेलेलं. "आई व, माह्या दोन गाई गेल्या!" खूप रडला. गेम जुन्या कॅसेटमध्ये होता तेव्हा आतल्या छोट्या बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत सेव्ह तिथल्या तिथे लिहिलं जायचं. इथे रेट्रोआर्क, म्हणजे जुने गेम चालवणारं यातलं सॉफ्टवेअर, ते आधी तात्पुरत्या मेमरीत ठेवतं आणि मेनूतून गेम नीट बंद केला तरच कार्डावर उतरवतं. लेकरू मेनूत जाणार का? बॅटरी संपली, बटण दाबलं, की गेलं. उपाय आहे. सेटिंगमध्ये 'सेव्हिंग'खाली सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल नावाची ओळ आहे, ती मुळात बंद असते. तिथे दहा सेकंद ठेवा. काम एका मिनिटाचं. मुलांसाठी म्हणून विकलेल्या यंत्रात ही ओळ कारखान्यातूनच चालू असायला हवी होती. या एका ओळीसाठी मी पाचातला एक तारा कापते आणि परत देणार नाही. 

चार्जिंगचं थोडक्यात: मोबाइलच्या नव्या सी-टू-सी वायरने हे चार्ज होत नाही, चपट्या यूएसबीची जुनी वायर लागते. मे महिन्यात टिनाच्या खोलीत चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये आणि आपल्याकडे ते दुपारी सावलीतही होतं. आम्ही पहाटे लावतो.

दिवाळीच्या सुट्टीत 'पोकेमॉन रेड' परत टाकला. त्यात लढाई सोडून कुठेही सेव्ह करता येतं, म्हणजे माझ्या परीक्षेत पास. पैसे लावायच्या यंत्रांचं एक दुकान त्यात आहे, ते येईल तेव्हा शेजारी बसणार आहे. सध्या तो पहिल्याच गावात फिरतोय आणि अडलेला शब्द वहीत उतरवून मला ग्रामपंचायतीत आणून दाखवतोय.