केअर सेंटर बघायला जाताय तर रात्री जा – अप्पांच्या दोन ठिकाणांचा अनुभव, नाशिक

अप्पांना या केअर सेंटरला ठेवून परवा सात महिने झाले म्हणून आता लिहितेय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि त्याचा कोणाला उपयोग नसता. पाथर्डी फाट्याकडे आहे, बंगलाच आहे, तळमजला आणि वर एक मजला, एकूण 22 बेड. नाव टाकत नाहीये कारण याच्या आधी अप्पा जिथे होते त्याबद्दलपण यात बरंच लिहायचंय आणि मला कोणाशी भांडण काढायचं नाही, आत्ता जे कोणी आईवडिलांसाठी जागा शोधत फिरतायत त्यांनी नेमकं काय बघावं एवढंच सांगायचंय.

अप्पा 81 वर्षांचे. नाशिकरोडला प्रेसमध्ये 34 वर्षं नोकरी. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू पूर्ण गेली, सगळं समजतं पण शब्द सापडत नाही. तीन महिने घरीच केलं. सांभाळायला ब्युरोच्या तीन बायका ठेवून बदलल्या, एक दुपारी न सांगता निघून गेली. आई नाहीये, दादा पुण्याला, माझी शाळा, ह्यांची अंबडला शिफ्ट ड्युटी. 75 किलोच्या माणसाला एकटीने कुशीवर घेताना माझी कंबर धरली तेव्हा ठरवलं. नातेवाईक तेव्हा काय काय बोलले ते लिहीत नाही, ज्यांच्या घरात बेडवरचं माणूस आहे त्यांना माहितीच आहे.

पहिलं ठिकाण शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. समोर लॉन, गेटजवळ विठ्ठलाची मूर्ती, संध्याकाळी भजन, मालक बोलायला अतिशय गोड. आम्ही ठरवायच्या आधी चारदा जाऊन आलो आणि चारही वेळा दुपारी चार ते सहाच्या मधे गेलो कारण तीच भेटायची वेळ होती. चादरी पांढऱ्या, आजीआजोबांच्या हातात चहाबिस्किटं, बघून मला इतकं हायसं वाटलं की मी रात्रीचं काही विचारलंच नाही.

अप्पांना ठेवल्यावर अडीच महिन्यांनी मी एका गुरुवारी गेले, शाळा लवकर सुटली होती. साडेपाच वाजले असतील. अप्पांच्या उशाशी पुठ्ठ्यावर क्लिप लावून तो चार्ट असतो ना, दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद करायचा, तो सहज हातात घेतला. सकाळपासूनच्या सगळ्या चौकोनांत टिकमार्क होती आणि संध्याकाळच्या सहाच्या, आठच्या, दहाच्या, रात्री बाराच्या चौकोनांतपण टिकमार्क होती. एकाच निळ्या पेनाने, एकाच झटक्यात ओढलेल्या. घड्याळात साडेपाच. मी तशीच अप्पांना कुशीवर घेतलं, डायपर सोडला आणि माकडहाडाच्या वर रुपयाच्या नाण्याएवढी काळी पडलेली जागा, कडेने लाल, आणि वास. दोन आठवड्यांपूर्वी मी स्वतः पाठ बघितली होती तेव्हा तिथे नुसता लालसर डाग होता आणि मला सांगितलं होतं की ताई घामोळं आहे, पावडर लावतोय.

ते घामोळं नव्हतं. ही एक गोष्ट कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा, लाल जागेवर बोट दाबून उचला, दाबल्यावर ती जागा पांढरी पडून परत लाल झाली तर एक वेळ ठीक, पण दाबूनही पांढरी पडत नसेल तर तिथे बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू झालेलं आहे आणि त्या बाजूवर झोपवणं त्याच दिवशी बंद करायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. टाचा, खुबे, कोपर इथेपण बघायचं, आणि सावळ्या माणसांमध्ये लाली बऱ्याचदा दिसत नाही तर जागा गरम लागते का कडक लागते का ते हाताने बघायचं. आमचे अप्पा सावळे आहेत, घरी मी रोज हात फिरवून बघायचे, तिथे ठेवल्यावर मी ते काम दुसऱ्यावर सोडलं. पंपाने हवा भरणारी गादी, एअर बेड, होताच की, पण एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं नसतं, आणि त्या दिवशी त्याचा पंप बंदच होता, पिन अर्धवट बाहेर आलेली.

ह्यांना ते कळल्यावर आठवलं. जानेवारीत एकदा सेकंड शिफ्ट सुटल्यावर अप्पांचं विसरलेलं औषध द्यायला हे रात्री बाराला तिथे गेले होते. बेल वाजवून वाजवून दहा मिनिटांनी एक मावशी आल्या, मग किल्ली ऑफिसमध्ये म्हणून परत आत गेल्या, लोखंडी ग्रिलला मोठं कुलूप. आत 19 जण, त्यातले सात आठ पूर्ण बेडवर, आणि रात्रभर त्या एकट्या मावशी. दोन माणसं लागतात नीट कूस बदलायला, एकट्या बाईने ओढलं तर कातडी चादरीवर घासून उलट जखमच होते. 19 जणांना बघत त्या सात आठ जणांना एकटीने दर दोन तासांनी कोणीही कसं फिरवणार? त्या मावशींवर माझा राग नाही, त्या बारा तासांची ड्युटी करून सकाळी सगळ्यांचे डायपर बदलूनच घरी जायच्या. राग त्यांच्यावर आहे ज्यांनी एक माणूस ठेवून 19 जणांचे पैसे घेतले. आणि शॉर्टसर्किट झालं असतं तर ते कुलूप कोण उघडणार होतं, हे मला अजून रात्री आठवतं.

पुढचा महिना दवाखाना, जखम साफ करणं, रोजचं ड्रेसिंग. खर्च लिहीत नाही. अप्पा ओरडायचे तेव्हा शब्द येत नव्हते तर नुसता आवाज यायचा.

तक्रार कुठे करायची हे शोधताना कळलं की आपल्याकडे हे प्रकरण किती मोकळं सोडलंय. 2007 चा ज्येष्ठांचा कायदा आहे, त्यात मुलांनी सांभाळलं नाही तर प्रांतांकडे दाद मागता येते, महिना दहा हजारापर्यंत पोटगी मिळू शकते, आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठ राहतील असा वृद्धाश्रम सरकारने उभारावा असंही आहे. पण जिथे आपण महिन्याला वीस पंचवीस हजार मोजतो त्या खाजगी सेंटरला रात्री किती माणसं हवीत, नर्स हवी का, हे त्यात नाही. केअर सेंटरची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं, त्या लोकसभेची मुदत 2024 ला संपली पण ते काही मंजूर झालं नाही. त्या पहिल्या मालकांनी मला लायसन्स म्हणून दाखवलं ते शॉप ॲक्टचं, जे किराणा दुकानालापण असतं. म्हणून सध्या तरी आपणच इन्स्पेक्टर. पैसे देऊन सेवा घेतली म्हणजे ग्राहक म्हणून दाद मागता येते, त्याची हेल्पलाइन 1915, आणि ज्येष्ठांसाठीची 14567, ती सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. मी 14567 ला फोन केला होता, मुलीने शांतपणे पूर्ण ऐकून घेतलं.

आता या दुसऱ्या ठिकाणाबद्दल. यावेळी आम्ही उलटं केलं, आधी फोन न करता रात्री पावणेअकराला गेलो. मॅनेजर मॅडम घरी गेलेल्या, पण जो ब्रदर होता त्याने गेट लगेच उघडलं, नाव वेळ रजिस्टरमध्ये लिहायला लावलं, एका फोनवर मॅडमना विचारलं आणि आत घेतलं, पेशंट झोपलेत आवाज करू नका म्हणाला. वरच्या मजल्यावर दोघं जागे, खाली एक. ग्रिलला कुलूप होतंच, पण किल्ली दाराशेजारी खिळ्याला लाल दोरीने बांधलेली, दोन्ही मजल्यांवर तशीच. मी विचारलं तेव्हा म्हणाला ताई ऑफिसात ठेवायची नाही असं पहिल्या दिवशीच सांगतात. लाल दोरी बघितल्यावरच माझं अर्धं ठरलं होतं.

आगीच्या सिलिंडरवर तारखेचा टॅग होता. शिवाय आपल्या राज्यात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यात यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, तो मागितला तर मॅडमनी फाइल काढून दाखवली. पहिल्या ठिकाणी मी हे विचारलं असतं तर मला वाटतं तिथेच उलगडा झाला असता. ऑक्सिजनचंपण विचारा. 21 एप्रिल 2021 ला झाकिर हुसेन हॉस्पिटलमध्ये टाकीला गळती लागून 22 पेशंट गेले तो दिवस नाशिकचा कोणी विसरलेला नाही. इथे हवेतून ऑक्सिजन देणारी दोन मशिन, कॉन्सन्ट्रेटर, इन्व्हर्टरवर आहेत आणि एक सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला, पाना त्यालाच लटकवलेला.

कूस बदलायचा चार्ट इथेपण आहे पण टिकमार्क चालत नाही, वेळ लिहायची, डावी का उजवी ते लिहायचं आणि दोघांनी सही करायची. मी सात महिन्यांत अकरा वेळा अवेळी गेले, दोनदा पहाटे साडेपाचला, एकदाही पुढच्या वेळेची सही सापडली नाही. एकदा मात्र रात्री दोनची नोंद राहिली होती, तर त्या जागी राहिली असंच लिहिलेलं होतं आणि कारण, समोरच्या आजी पडल्या होत्या. मला त्या रिकाम्या नोंदीने जेवढा विश्वास वाटला तेवढा शंभर टिकमार्कांनी वाटला नसता.

भरवायची पद्धत बघा. अप्पांना पातळ काही दिलं की ठसका लागतो. इथले एक मामा आहेत, पेठ तालुक्यातले, ते आधी बेडची पाठ पूर्ण उभी करतात, अप्पांची हनुवटी जरा खाली घेतात, अर्धाच चमचा, तोही चांगल्या बाजूच्या गालात, आणि गिळलं का ते गळ्याकडे बघूनच दुसरा चमचा. झाल्यावर अर्धा तास आडवं करत नाहीत. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो आणि झटका आलेल्या कितीतरी माणसांना तोच घेऊन जातो, हे मला हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मामांना ते कोणीतरी शिकवलेलं आहे. अंघोळीच्या पाण्यातपण ते आधी स्वतःचं कोपर घालून बघतात आणि मग पाणी अप्पांच्या डाव्या बाजूला ओततात, कारण उजव्या बाजूला चटका बसला तरी अप्पांना कळणार नाही.

पाठीची जखम जूनमध्ये पूर्ण भरली.

कमी काय आहे तेपण लिहिते. लिफ्ट नाही, वरच्या पेशंटना ॲम्ब्युलन्सपर्यंत चौघांनी चादरीत उचलून न्यावं लागतं, 22 बेडच्या ठिकाणी हे बरोबर नाही आणि मी मॅडमना तोंडावर सांगितलंय. अप्पांना म्हणून मी हट्टाने खालचाच बेड घेतला. खाली रात्री एकच माणूस आहे, म्हणजे कूस बदलायला वरून एकाला बोलवावं लागतं, आणि आजी पडल्या ती रात्र त्यामुळेच राहिली. बाथरूमला दांडे आहेत पण एका बाथरूमचा दांडा हलतो, मी मे महिन्यापासून सांगतेय, ऑगस्टमध्ये बसवला, परत हलायला लागलाय. फिजिओ आठवड्यातून दोनदाच आणि त्याचे पैसे वेगळे. महिना 26 हजार, डायपर आणि औषधं आपली. औषधं आपण आणून दिली तरी दर पंधरा दिवसांनी पट्ट्या मोजा, किती गोळ्या संपायला हव्या होत्या आणि किती संपल्या, मी मोजते, मॅडमना त्याचा राग येत नाही. जिथे राग येतो तिथून माणूस हलवा.

आणि पगार. मी मामांना सरळ विचारलं, त्यांनी आकडा सांगितला तो ऐकून वाईट वाटलं. एवढ्यात चांगली माणसं टिकणार नाहीत, सात महिन्यांत चार जण बदलले. आम्ही काही घरच्या लोकांनी मिळून सांगितलंय की हजार रुपये महिना वाढवा पण ते रात्रपाळीच्या माणसाला मिळाले पाहिजेत आणि आम्हाला दिसले पाहिजेत.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक लिफ्टचा कापला आणि अर्धा तळमजल्याच्या रात्रीचा.

आता दिवाळी येतेय आणि अर्धा स्टाफ पेठ सुरगाण्याकडचा आहे, सगळ्यांना घरी जायचंय आणि जायलाच पाहिजे. मी मॅडमकडून वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतची रात्रीची ड्युटी लिस्ट लेखी मागितलीय, तळमजल्यावर दोघं ठेवते म्हणाल्यात, बाहेरची दोन माणसं घेणार आहेत. लक्ष्मीपूजन झालं की अकराच्या पुढे मी आणि हे जाणार आहोत, अप्पांना अनारशाचा चुरा दुधात मऊ करून थोडा देता येईल का ते मामांना विचारून ठेवलंय. खाली खरंच दोघं होते का ते त्यानंतर इथेच लिहीन.