जुनं प्रेम, रँच आणि काउबॉय: 'ब्लॅक हिल्स' घ्यावं की 'वाइल्ड अँड रँगल्ड'?

रँच म्हणजे गुराघोड्यांचा मोठा मळा, घोडे, आणि कोवळ्या वयात तुटलेलं प्रेम काही वर्षांनी पुन्हा दारात हजर. या मसाल्याची इंग्रजी पुस्तकं ढिगाने मिळतात. त्यातल्या दोन पुस्तकांत निवड करायची असेल तर मुखपृष्ठावरच्या टोपीवर जाऊ नका. नायक-नायिका एकमेकांपासून का तुटले होते आणि ते कारण लेखिकेने किती गांभीर्याने घेतलंय, तेवढं पाहा. बाकी सगळं दोन्हीकडे असतंच.

नोरा रॉबर्ट्सचं 'ब्लॅक हिल्स' २००९ चं. सुरुवात १९८९ च्या उन्हाळ्यात, साउथ डकोटात. आईवडिलांचं बिनसलंय म्हणून न्यूयॉर्कच्या कूपरला आजी-आजोबांच्या रँचवर धाडलंय आणि तो घुश्शात आहे. शेजारच्या शेतावरची लिल त्याच्याच वयाची, बेसबॉलची वेडी. दर भेटीत दोघं थोडी मोठी होतात, मैत्रीचं प्रेम होतं आणि मग तुटतं. दहा-बारा वर्षांनी आजोबा पडून जायबंदी होतात, तेव्हा कूपर कायमचा परततो. लिल तोवर वन्यजीव अभ्यासक झालेली, स्वतःचं प्राण्यांचं अभयारण्य चालवणारी. तिला त्याची गरज उरलेली नाही आणि इथेच गंमत आहे. तुटायचा निर्णय त्याने एकट्याने घेतला होता, आणि ती त्याला ते सहजासहजी विसरू देत नाही. तो सामान आणून तिच्या घरात तळ ठोकतो, तेव्हा ती विरघळत नाही, भांडते. अशी भांडणं लिहायला हात लागतो.

पण 'हलकंफुलकं' हवं असेल तर सावध. अभ्यासासाठी पिंजऱ्यात पकडलेल्या कूगरला (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) कुणीतरी गोळी घालतं, आणि तिथून गोष्ट खुनी माणसाच्या पाठलागाकडे वळते. जाडजूड पुस्तक आहे, आणि ज्यांना प्राण्यांच्या हालांबद्दल वाचणं सोसत नाही त्यांनी बाजूलाच ठेवावं.

लायला सेजचं 'वाइल्ड अँड रँगल्ड' २०२५ चं, वायोमिंगमधल्या मेडोलार्क या काल्पनिक गावातलं. कॅम वकील आहे, एका लहान मुलीची आई. ऐन लग्नाच्या दिवशी तिचं लग्न मोडतं, आणि तिचं पहिलं प्रेम डस्टी गावात परत आलेलं असतं. इथे खून नाही, पाठलाग नाही. मैत्रिणी आहेत, रँचवरचा गोतावळा आहे, आणि कॅमच्या मुलीचा बाप गस चक्क चांगला माणूस आहे. अशा पुस्तकांत 'एक्स' हमखास खलनायक असतो, म्हणून हे मला विशेष आवडलं. गोष्ट एकदा कॅम सांगते, एकदा डस्टी. इंग्रजी सोपं, प्रवासात वाचता येईल असं. पहिल्या प्रेमाची जखम मात्र रॉबर्ट्सइतकी खोल जात नाही. डस्टी इतका समजूतदार आहे की त्याच्यावर चिडायलाही जागा उरत नाही.

अडचण एकच, हा मालिकेतला चौथा आणि शेवटचा भाग. सुटा वाचला तरी कळतो, पण गसचं स्वतःचं प्रेमप्रकरण तिसऱ्या भागात येऊन गेलंय, ते आधीच फुटेल. सगळी मालिका वाचायची असेल तर 'डन अँड डस्टेड'पासून लागा. आणि हो, शृंगार दोन्हीत आहे, सेजकडे जास्त उघड. घरातल्या शाळकरी मुलीला भेट देण्याआधी स्वतः चाळा.

यांपैकी काहीच नको, दोन बैठकांत संपणारं हवं असेल, तर हार्लेक्विन या प्रकाशनाच्या बारीक काउबॉय-कथा आहेतच. आपल्याकडे रद्दीवाल्याच्या ढिगात सापडणारं मिल्स अँड बून १९७१ पासून याच हार्लेक्विनच्या मालकीचं, त्यामुळे तो साचा ओळखीचा वाटेल. गैरसमज, पाऊस, कबुली, लग्न.

सुट्टीत डोकं शांत ठेवून वाचायचं असेल तर सेज घ्या. मी स्वतः मात्र दुसऱ्यांदा 'ब्लॅक हिल्स'च उघडेन, तेही लिलच्या रागासाठी. खुन्याची पानं भराभर उलटली तरी चालतात.