टोनर: ओरिजिनल की कंपॅटिबल?

ऑफिसचा कॉपियर माझ्या ताब्यात असतो, त्यामुळे टोनर, म्हणजे छपाईच्या पावडरीचं कार्ट्रिज, दोन्ही प्रकारचं वापरून झालंय: मशीनच्याच कंपनीचं ओरिजिनल आणि दुसऱ्या कंपनीने त्या मशीनसाठी बनवलेलं कंपॅटिबल. टिपणं, मसुदे, आतले फॉर्म यांना चांगलं कंपॅटिबल आरामात पुरतं. खरी मेख पावडरीत आहे. फ्युजरच्या (पावडर कागदावर पक्की करणाऱ्या गरम भागाच्या) उष्णतेला ती नीट वितळली नाही, तर अक्षर कागदाला धरत नाही. म्हणून नवा टोनर आला की मी गडद छापलेल्या कागदाची घडी घालतो आणि नखाने घासून बघतो. एका स्वस्त टोनरची पावडर घडीवरून सरळ निघाली, वर कोऱ्या भागावर करडी झाक! ते परत पाठवलं.

खोक्यावरचा पानांचा आकडा आयएसओ १९७५२ (काळ्या टोनरमधून किती पानं निघतात ते मोजायची प्रमाणित पद्धत) चाचणीचा आहे का, हेही बघा. तोही जेमतेम ५ टक्के भाग छापलेल्या पानाचा असतो. फोटो आणि भरगच्च तक्ते छापणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

रंगीत मशीनला मात्र मी ओरिजिनलच घालतो. लोगोचा निळा दर कार्ट्रिजला वेगळा दिसला की साहेबांचा फोन आलाच. आणि मशीन सर्व्हिस करारावर असेल तर आधी करार वाचा, बऱ्याचदा टोनर त्यातच धरलेला असतो.