प्लाझ्मा बॉल (6 इंची, अ‍ॅडॉप्टरवाला): 4 स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय

भाचीच्या शाळेत माझ्या कामाबद्दल बोलायला जायचं होतं म्हणून हा बॉल ऑनलाइन मागवला, साडेतेराशेला पडला, काच थर्माकोलमध्ये नीट पॅक होऊन आली. माझं सगळं करिअर प्लाझ्मातच गेलंय (प्लाझ्मा म्हणजे ज्यातल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेत असा वायू), गांधीनगरला आदित्य टोकामॅकवर, म्हणजे फ्यूजनसाठी तापलेला प्लाझ्मा चुंबकानं धरून ठेवणाऱ्या मशीनवर, पीएचडी केली आणि नंतर अवकाशातल्या प्लाझ्माकडे वळले, त्यामुळे रिव्ह्यू जरा लांब होणार.

लाइट घालवून लावला की मधल्या छोट्या गोळ्यापासून काचेपर्यंत जांभळे-गुलाबी धागे नाचायला लागतात, बोट टेकवलं की एक जाडसर धागा बोटाला येऊन चिकटतो. आत कमी दाबाचा वायू आणि मधे काही हजार व्होल्ट, तेही सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारे, म्हणून मधे काच असूनसुद्धा किंचित करंट बोटापर्यंत येतो. हात भाजत नाही कारण तापलेले असतात ते फक्त इलेक्ट्रॉन, बाकीचा वायू जवळपास गारच. घरातली जुनी ट्यूब हातात धरून बॉलजवळ न्या, वायर न जोडता पेटते, वर्गात याला सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला.

एका मुलीनं विचारलं, फ्यूजनच्या (अणूंची केंद्रं जोडून ऊर्जा काढायच्या) मशीनमध्ये पण असंच चमकतं का? मला हा प्रश्न फार आवडला कारण आदित्यवर पहिल्यांदा कॅमेऱ्याचं फुटेज बघितलं तेव्हा मीही गोंधळले होते. शॉट, म्हणजे एका वेळी प्लाझ्मा टिकायचा तो वेळ, सेकंदाच्या दहाव्या भागाइतका असायचा आणि त्यात गुलाबी दिसायची ती फक्त कड, मधे जिथे लाखो अंश तापमान तिथे जवळपास काहीच दिसत नाही. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन अणूला धरून असेल तरच तो रंग येतो आणि मधे तर सगळे अणू फुटलेले! म्हणजे हा बॉल एवढा छान दिसतो तो थंड आहे म्हणून, हे मुलांना जरूर सांगा.

मी त्या कडेवरच काम केलं, लँगम्युअर प्रोब घेऊन. प्रोब म्हणजे धातूचा एक छोटा तुकडा, प्लाझ्मात घालायचा, व्होल्टेज बदलत जायचं आणि किती करंट येतो ते बघून इलेक्ट्रॉन किती आणि किती तापलेले ते काढायचं. टोकामॅकमध्ये एका घनसेंटीमीटरला साधारण दहा लाख कोटी इलेक्ट्रॉन. आणि 2023 ला चांद्रयान-3 च्या विक्रमवर हीच युक्ती चंद्रावर गेली, तिथे सुरुवातीचा आकडा आला 5 ते 30. लाख नाही, कोटी नाही, नुसते 5 ते 30! एकच उपकरण, तेच गणित, म्हणून फ्यूजनमधून अवकाशात जाताना मला विषय बदलल्यासारखं कधी वाटलंच नाही.

आता कापलेला स्टार. या बॉलमध्ये चुंबकाचं काही दिसत नाही. विक्रेत्यानं पानावर लिहिलंय की मॅग्नेट जवळ नेला की किरणं ओढली जातात, ते चूक आहे, स्टीलचा चमचा नेला तरी तेच होतं, धातू आहे म्हणून होतं. आत वायू कमी दाबाचा असला तरी इतका दाट की इलेक्ट्रॉन पावलोपावली धडकतो, मग साध्या मॅग्नेटचं तो काय ऐकणार. आणि माझ्या दोन्ही कामांत तर चुंबकच मुख्य, टोकामॅकमध्ये प्लाझ्मा भिंतीपासून लांब ठेवतो तो चुंबक, आणि सूर्याकडून येणारा प्लाझ्मा आपलं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊनच येतो. 10 मे 2024 च्या रात्री लडाखला हानलेहून आकाश लाल दिसलं ते त्यामुळेच, अलिबागच्या वेधशाळेत 1904 पासून पृथ्वीचं क्षेत्र मोजतात तेही अशी वादळं पकडायलाच उपयोगी पडतं. एवढी मोठी गोष्ट मुलांपर्यंत पोचत नाही आणि वर चुकीची पोचते, म्हणून स्टार गेला.

अ‍ॅडॉप्टर थोडा गुणगुणतो, अर्ध्या तासानं बॉल गरम लागतो, तेव्हा बंद करून ठेवा. वर नाणं ठेवून त्याला बोट लावायचा व्हिडिओ फिरतोय तो मुलांना अजिबात करू देऊ नका, ठिणगीनं चटका बसतो. पेसमेकर असलेल्यांनी लांबच राहावं, मोबाइलही बाजूला ठेवा.

शाळेच्या लॅबमध्ये जुना पिक्चर ट्यूबचा सीआरओ (इलेक्ट्रॉनच्या झोतानं स्क्रीनवर ठिपका दाखवणारं यंत्र) असेल तर बॉलसोबत तो पण बाहेर काढा, स्क्रीनजवळ मॅग्नेट नेला की ठिपका खरंच सरकतो कारण आत वायूच नाही, धडकायला कोणी नाही. आधी बॉल, मग सीआरओ, त्याच क्रमानं. मी दुसऱ्या वर्गाला तसंच दाखवलं आणि मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली.