ब्रेकर, ठाणेदार की घरचेच पोट्टे? गावातल्या सुसाट गाड्यांसाठी आधी कशाच्या मागे लागायचं

गावातून गाड्या सुसाट जायला लागल्या की पहिली मागणी ठरलेली, ब्रेकर टाका. आमच्याकडे नागपूरहून काटोल रोडने आत वळलं की जे गाव लागतं तिथंही तेच झालं. पोट्ट्यांनी एका रात्री मुरूम आन दगड टाकून स्वतःच ब्रेकर बनवला आणि तिसऱ्याच दिवशी अंधारात आपल्याच गावचा माणूस बाईक घेऊन त्यावर आदळला. हात मोडला. त्यामुळे घरगुती ब्रेकर हा पर्याय आधीच काढून टाका, बेकायदेशीर आहे ते वेगळंच.

रीतसर ब्रेकर मागायचा तर पहिला प्रश्न, रोड कोणाचा? गावरस्ता किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग असेल तर पीडब्ल्यूडी. हे न पाहता आम्ही अर्ज दिला आणि तीन महिन्यांनी "हा आमचा रोड नाही" एवढंच ऐकायला मिळालं. राष्ट्रीय महामार्ग असेल तर ब्रेकरचा नाद सोडाच, केंद्रानं 2016 लाच तिथले ब्रेकर काढायला सांगितले होते. बाकी ठिकाणी ग्रामसभेचा ठराव जोडा, नुसत्या सह्यांच्या कागदापेक्षा त्याला वजन असते. मापही सांगा, गोल ब्रेकर साधारण 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असायला पाहिजे, आपल्याकडे जे उभट टेंगूळ करून ठेवतात ना, त्यानं कंबर मोडते. ब्रेकरचा फायदा म्हणजे तो रात्रंदिवस काम करते आणि कोणाचं तोंड पाहत नाही. तोटा त्याच्याजवळ घर असलेल्यांना विचारा, रात्री रिकामा टिप्पर त्यावरून गेला की भांडी वाजतात.

आता ठाणेदार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 मध्ये वेगासाठी कारला 1000 ते 2000 आणि ट्रकसारख्या मोठ्या गाड्यांना 2000 ते 4000 रुपये दंड आहे, पण स्पीडगनवाली गाडी तुमच्या गावात रोज थोडीच येणार. एक दिवस आली की सगळे शहाणे, दुसऱ्या दिवशी पहिलेच पाढे. तरी "लई जोरात जातात साहेब" म्हणण्यापेक्षा आकडे घेऊन जा. रोडच्या कडेला टेपनं 50 मीटर मोजून दोन खुणा करा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा, आणि 180 ला सेकंदांनी भागा. 3 सेकंद लागले तर गाडी 60 च्या स्पीडनं गेली, 6 लागले तर 30 नं. वेळ, गाडीचा प्रकार, दिशा वहीत लिहा. इंग्लंडमधल्या गावांत लोक पिवळं जॅकेट घालून असंच मोजतात आणि पोलीस मालकाला पत्र पाठवतात, आपल्याकडे तशी सोय नाही म्हणून वही तुम्हालाच ठाण्यात न्यावी लागते. आणि हो, रोडवर उतरून गाडी अडवू नका, तो अधिकार आपल्याला नाही आणि टिप्परवाला थांबेलच याची गॅरंटी तर बिलकुल नाही.

तिसरा पर्याय फुकटचा आहे आणि सगळ्यात अवघड, घरचे पोट्टे. अठराच्या खालच्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर कलम 199अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे चावडीवर भाषणात सांगून काही होत नाही, पोराच्या बापाला एकटं गाठून सांगावं लागते, आणि तो तुमचा मावसभाऊ निघतो.

माझं मत विचाराल तर अर्ज लिहायच्या आधी दोन दिवस मोजा. बाहेरचे टिप्पर जास्त निघाले तर वही घेऊन ठाण्यात जा आणि ब्रेकरचा ठरावही त्याच ग्रामसभेत घ्या. गावच्याच बाईक निघाल्या तर ब्रेकरमध्ये पैसा घालू नका, पोट्टे कडेच्या मातीतून गाडी काढतात, आम्ही पाह्यलं आहे. आमच्या वहीत सकाळी टिप्पर होते आणि संध्याकाळी सात नंतर सगळ्या बाईक, त्यातली एक तर सरपंचांच्याच घरची.