‘सेल’: काही महिन्यांनंतरचे दुसरे वाचन

माझा मोबाइल दुरुस्तीसाठी सेवा केंद्रात अडकून पडला आणि ‘पार्ट अजून आलेला नाही’ याखेरीज दुसरे उत्तर मिळेना, तेव्हा वैतागाच्या भरात मी स्टीफन किंग यांची २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘सेल’ ही मोबाइल फोनवर बेतलेली भयकादंबरी पुन्हा हाती घेतली. काही महिन्यांपूर्वी ती प्रथम वाचली तेव्हा पूर्ण किंमत मोजून अर्धीच कादंबरी पदरात पडल्यासारखे वाटले होते. ते मत आता बरेचसे बदलले आहे, पण माझी मुख्य तक्रार मात्र कायम आहे.

१ ऑक्टोबरच्या दुपारी ३ वाजून ३ मिनिटांनी बॉस्टनमध्ये जे सुरू होते, त्याची रचना अतिशय हुशार आहे. भर रस्त्यात रक्तपात दिसला की माणूस मदतीसाठी खिशातला फोन काढतो, आणि तो कानाला लावताच त्याचेही माणूसपण संपते. म्हणजे लोक जितके अधिक घाबरतील तितका ‘पल्स’, म्हणजे फोनवरून येणारा आणि ऐकणाऱ्याला हिंस्र वेडा करणारा संकेत, अधिक पसरेल, अशी ही व्यवस्था आहे. कथानायक क्ले वाचतो तो त्याच्याकडे मोबाइलच नसल्यामुळे आणि त्याचा सोबती टॉम वाचतो तो मांजराने त्याचा फोन पाडून फोडल्यामुळे. शौर्याचा किंवा शहाणपणाचा इथे काहीच संबंध नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत भयंकर वाटते.

आता तक्रारीकडे वळतो. समाज कोसळल्यानंतरही कितीतरी दिवस फोनमधून पल्स येतच राहतो. मग टॉवरला वीज कोण देते? ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना चक्रीवादळाने अमेरिकेत हजाराहून अधिक मोबाइल टॉवर बंद पडले होते, आणि त्याच वर्षी २६ जुलैच्या पुरात मुंबईतील मोबाइल सेवा कशी कोलमडली, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २००७ मध्ये टॉवरसाठी ८ तासांच्या पर्यायी विजेची सक्ती करणारा आदेश काढला, पण तो कधी लागूच झाला नाही. वास्तवात बॅटरी आणि डिझेल संपताच नेटवर्क मुके होते. तंत्रज्ञानावर उभ्या राहिलेल्या भयकथेने या प्रश्नाला सविस्तर सामोरे जायला हवे होते. जो थोडाफार खुलासा मिळतो, त्याने माझे समाधान होत नाही.

पल्स कोणी पाठवला हे न सांगितल्याबद्दलही पहिल्या वेळी माझा राग होता. दुसऱ्या वाचनात तो निवळला, कारण मेंदू म्हणजे पुसली गेलेली हार्ड डिस्क, हे स्पष्टीकरण जॉर्डन नावाच्या १२ वर्षांच्या संगणकवेड्या मुलाचा तर्क आहे, आणि जिवाच्या भीतीने चालत निघालेल्या माणसांना त्याहून अधिक कळणे शक्यच नव्हते. किंग यांनी हे पुस्तक भयकथालेखक रिचर्ड मॅथेसन आणि झोंबीपटांचे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांना अर्पण केले आहे. त्या दोघांच्या कथांतही आपत्तीच्या उगमापेक्षा तिच्यात सापडलेल्या माणसांना महत्त्व आहे.

गेटन येथील शाळेतल्या प्रसंगांनंतर मात्र बाधितांचे कळप, परस्परांच्या मनात शिरणे, हवेत तरंगणे यांचा पसारा इतका वाढतो की फोन बाजूलाच पडतो आणि तंत्रज्ञानाची कथा भुताटकीची होऊन बसते. त्या भागातही क्लेच्या सोबत निघालेल्या ॲलिसचा मृत्यू मला विसरता येत नाही, कारण या पंधरा वर्षांच्या मुलीचा जीव पल्सने वेडे झालेले लोक घेत नाहीत, तर शुद्धीवर असलेली दोन माणसे घेतात.

शेवटी क्ले आपल्या बाधित मुलाच्या, जॉनीच्या, कानाला फोन लावतो आणि कादंबरी तिथेच थांबते. पूर्वी मला ही फसवणूक वाटली होती. आता वाटते की ज्या कृतीने जग बुडाले तीच कृती बापाने आशेपोटी करणे, यापुढे लेखकाने काहीही लिहिले असते तरी ते कमीच पडले असते. २०१६ च्या चित्रपटात हा शेवट बदलला आहे. तो बदल मला मान्य नाही. तिसऱ्यांदा वाचेन तेव्हा गेटनचे प्रकरण संपवून मी थेट शेवटाकडे जाईन.