ड्रायव्हर विंडोजच्या इमेजमध्ये घालायचे की पेनड्राइव्हवर शेजारी ठेवायचे?

हळदीचे सौदे चालू असताना सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत्याचा कॉम्प्युटर फॉरमॅटला आला, की नुसतं विंडोज टाकून भागत नाही. पट्टी छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जुने मराठी फॉन्ट, डिजिटल सहीचा टोकन, सगळं चालू करून द्यावं लागतं, तेही दुसऱ्या दिवशीच्या सौद्याआधी. मग वाटतं, हे सगळं पेनड्राइव्हमधल्या विंडोजमध्येच घालून ठेवावं. त्याच्या दोन मुख्य रीती आहेत. मी दोन्ही वापरतो, पण वेगवेगळ्या कामांसाठी.

पहिली रीत म्हणजे इन्स्टॉल-विम, म्हणजे अख्खं विंडोज एकत्र बांधलेली इमेज फाइल, डिझम या विंडोजच्याच कमांडने माउंट करायची (फोल्डरसारखी उघडायची), ड्रायव्हर आत घालायचे आणि बदल कमिट, म्हणजे जतन, करायचे. इथे फक्त आयएनएफ (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी फाइल) असलेले ड्रायव्हर चालतात. ईएक्सई असेल तर ती आधी उलगडून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह बनवला असेल तर आत विमऐवजी ईएसडी, म्हणजे तिचंच जास्त दाबलेलं रूप, सापडते. ती माउंट होत नाही, आधी विममध्ये एक्स्पोर्ट करावी लागते.

एवढी खटपट डिस्कसाठी करावी. ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि सेटअपला एसएसडीच दिसत नाही. पुष्कळ जण इथेच चुकतात: ड्रायव्हर इन्स्टॉल-विममध्ये घालतात आणि तरी डिस्क दिसत नाही म्हणून डोकं धरून बसतात. सेटअप चालतो तो बूट-विम या वेगळ्या इमेजमधून. ड्रायव्हर तिच्या दुसऱ्या इंडेक्समध्येही, म्हणजे आतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या इमेजमध्येही, घातलाच पाहिजे. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, म्हणून कळकळीने सांगतो.

पण याच उत्साहात ग्राफिक्सचे पॅकेजही आत कोंबू नका. विम फुगते, आणि फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मग ती तोडून एसडब्ल्यूएम नावाचे तुकडे करा, नाहीतर पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करायचा मार्ग धरा. शिवाय नवं विंडोज आलं की हा सगळा उद्योग पहिल्यापासून.

दुसरी रीत फोल्डरची. पेनड्राइव्हवरच्या सोर्सेस फोल्डरमध्ये ओईएम नावाचं फोल्डर करायचं, नावाच्या दोन्ही बाजूंना डॉलरची खूण. त्यात डॉलर-एक या फोल्डरमध्ये ठेवलेलं थेट सी ड्राइव्हवर उतरतं, आणि दोन डॉलरच्या फोल्डरमधलं विंडोज फोल्डरमध्ये. फॉन्ट, टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचे ड्रायव्हर इथेच शोभतात. इमेजला हात लागत नाही, आणि उद्या प्रिंटर बदलला तर फाइल बदलली की झालं. सेटअप संपल्यावर सेटअपकम्प्लीट नावाची स्क्रिप्ट आपोआप चालते. तिच्यातून पीएनपीयुटिल या विंडोजच्या कमांडने सगळे आयएनएफ एकदम बसवता येतात.

फक्त एक अडचण आहे, आणि ती मोठी आहे: विंडोजची की ओईएम, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीने दिलेली, असेल तर होम आणि प्रो आवृत्तीत ही स्क्रिप्ट चालत नाही. हल्ली लॅपटॉपच्या बायोसमध्ये हीच की असते. अशा वेळी तेच काम ऑटोअनअटेंड फाइलमधल्या (सेटअपला उत्तरं आधीच लिहून देणारी फाइल) पहिल्या लॉगिनच्या कमांडवर टाका.

वायफायच्या ड्रायव्हरबाबत मात्र मी फोल्डरवर विसंबत नाही. विंडोज ११ पहिल्या सेटिंगच्या वेळीच इंटरनेट मागतं. कार्ड ओळखलं गेलं नाही तर गाडी तिथेच अडते. डिस्क आणि नेटवर्क इमेजमध्ये, बाकी सगळं शेजारी, ही माझी वाटणी.

तिसरा पर्यायही आहे: एक मशीन सगळं बसवून तयार करायचं, सिसप्रेप करायचं (त्या मशीनची खास ओळख पुसायची) आणि त्याची इमेज पकडून इतरांवर उतरवायची. विश्रामबागेतल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये एकसारखी चाळीस मशीन असतील तर याला तोड नाही. दुकानात रोज वेगळ्या मॉडेलचं मशीन येत असेल तर नादी लागू नका.

कोणतीही रीत धरा, फॉरमॅटआधी मशीन चालू असेल तर डिझमच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर कमांडने त्याचे बाहेरून बसवलेले ड्रायव्हर वेगळ्या डिस्कवर काढून घ्या आणि फोल्डरला मॉडेलचं नाव द्या. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर नेटवर शोधत बसण्यापेक्षा तो तिथेच हाताशी सापडतो.